पुनर्विकासाला निघालेली बिल्डिंग आणि ‘कुणालातरी देऊन टाका’

अडकित्ता (शनिवार, रात्री ११:०५)

आमची कर्वेनगरातली सोसायटी पुनर्विकासाला जातेय. चोवीस बिऱ्हाडं, दोन महिन्यांत जागा रिकामी करायची. भाड्याची घरं लहान, आणि नवीन फ्लॅट मिळेल तेव्हा प्रत्येकाला त्यात सगळं नवीन हवंय. परवाच्या मीटिंगमध्ये ‘नको असलेलं सामान’ अशी एक वही फिरली. ती वाचून मीच गार पडले. सोफे ९, डबलबेड ११, दिवाण ७, लोखंडी कपाटं ६, फ्रिज ८, वॉशिंग मशीन ५, टीव्ही ४ (त्यातले २ पोटवाले), शोकेस ५, पंखे तीसच्या वर, मिक्सर कुणी मोजलेच नाहीत. शिवाय आमच्या आईची पायाची शिलाई मशीन, जिच्याबद्दल घरात अजून बोलणी चालू आहेत.

चेअरमनकाकांनी एका वाक्यात निकाल लावला : “कुणालातरी गरजूला देऊन टाका.” भंगारवाला अख्ख्या बिल्डिंगचे मिळून जे पैसे म्हणतोय ते इथे लिहीत नाही, उगाच हसाल.

माझा प्रश्न साधा आहे. हा ‘कुणालातरी’ नक्की कुठे भेटतो? दोन संस्थांना फोन केले. एकांकडे फक्त कपडे आणि पुस्तकं घेतात. दुसऱ्यांनी सगळ्याचे फोटो मागवले, मी तासभर बसून काढले, मग म्हणाले, “गाडी तुम्ही करा.” कुणी हे आधी केलंय का? सामान खरंच वापरलं जाईल असं काही करता येतं, की आपण नुसतं मनाचं समाधान शोधतोय?

चहाटळ

‘कुणालातरी’ आमच्या घरी सापडला आहे. माझा मेहुणा. २०११पासून सगळं त्याच्याकडेच जातंय. (हलकंच घ्या.)

शुभ्रा_व

पुण्यातच आहात तर ‘स्वच्छ’चं बघा. कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिलेली. त्यांची ‘व्ही-कलेक्ट’ शिबिरं असतात, त्यात जुनं फर्निचर, गाद्या, ई-कचरा, कपडे असं एकत्र घेतात. चालण्यासारखं असेल ते वापरात जातं, नसेल ते सुटं करून पुढे. आधी वेळ ठरवून घ्यावी लागते.

२०२३च्या मे महिन्यात ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ म्हणून देशभर मोहीम झाली होती, त्यात महापालिकांनी ठिकठिकाणी संकलन केंद्रं उघडली. पण ती कपडे, पुस्तकं, चपला-बूट, खेळणी, प्लास्टिक यांच्यासाठी. डबलबेड डोक्यावर घेऊन कुणी गेलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे.

टेंपोनाना

ताई, प्रश्न माणसाचा नाही, गाडीचा आहे. मी बारा वर्षं छोटा हत्ती चालवतो, निम्मी कामं असलीच. बॉक्सवाला डबलबेड म्हणजे सुटा करायला सुतार, उतरवायला दोन हमाल, लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून मजल्यामागे हमाली वेगळी. तिकडे गेलं की गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबते, पुढचं सगळं डोक्यावर. एकदा जनता वसाहतीत वरच्या अंगाला एक बेड पोचवला. पायऱ्या चढून हमाल खाली बसले ते उठेनात. त्या सगळ्या खर्चात घेणाऱ्याला जुन्या बाजारात दुसरा बेड मिळाला असता, आणि तो त्याच्या पसंतीचा असता.

दुसरं. चुरा बोर्डाचं फर्निचर देऊ नका. ते एकदाच जोडायचं असतं. सुटं केलं की भोकं मोठी होतात, परत स्क्रू धरत नाही. आठ दिवसांत कपाट नमस्कार करायला लागतं.

खवचट_खविस

धागा वाचून करमणूक झाली. ह्याला दान म्हणू नका, अडगळ हलवणं म्हणा. आपल्याला नवीन सोफा घ्यायचाय, जुना टाकताना टोचणी लागते, मग गरीब शोधायचा. गरिबाची सोय बघितली जात नाही, आपली टोचणी बघितली जाते. गरिबाला पैसे द्या, त्याला काय हवं ते तो घेईल.

अडकित्ता

खविस, टोचणी आहे हे कबूल. पण चोवीस घरांतून पैसे काढायचे तर त्याची मीटिंग नवीन बिल्डिंग होईपर्यंत चालेल. सामान तर दारात उभं आहे.

निवृत्त_वायरमन

विजेच्या सामानाबद्दल लिहितो, फर्निचरचं मला कळत नाही.

आमचा १९९८चा १६५ लिटरचा फ्रिज मी देण्याआधी दोन दिवस प्लगच्या मीटरवर ठेवला. रोज अडीच युनिटांच्या आसपास खात होता. दाराचं रबर गेलेलं, त्यामुळे कॉम्प्रेसर थांबायलाच तयार नाही. महिन्याची झाली पंचाहत्तर युनिटं. आज त्याच मापाच्या नव्या फ्रिजवरचं स्टार लेबल वाचा, वर्षाला दीड-दोनशे युनिटं लिहिलेली असतात. आता एका खोलीचं घर घ्या. दोन दिवे, पंखा, टीव्ही, महिन्याला साठ-सत्तर युनिटं. तिथे हा राक्षस जाऊन बसला की शंभरची पायरी ओलांडलीच. महावितरणच्या बिलात शंभराच्या पुढच्या युनिटाचा दर कसा उडी मारतो ते प्रत्येकाने आपल्या बिलावर बघावं. म्हणजे आपण ‘फुकट’ दिलेल्या फ्रिजचा हप्ता ती बाई दर महिन्याला भरणार. रबर बाजारात मिळतं. बदला, पुन्हा मोजा, आकडा खाली आला तरच द्या.

खूप जुना, म्हणजे नव्वदच्या आसपासचा फ्रिज असेल तर त्यात आर-१२ गॅस असणार. ओझोनचा थर ज्या गॅसांनी विरळ केला त्यातला हा एक. आपल्याकडे त्यांचं उत्पादन २००८ साली थांबलं. असा फ्रिज कुणाच्या गळ्यात मारू नका आणि भंगारवाल्यालाही देऊ नका, तो पाइप तोडून गॅस हवेत सोडतो. नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याकडेच द्या. पोटवाल्या टीव्हीचंही तेच. त्याच्या काचेत शिसं असतं. भंगारात मागची तांब्याची गुंडाळी काढून घेतात, काच नाल्यात.

वॉशिंग मशीन फ्रंट लोड असेल तर वस्तीत देऊन उपयोग नाही. त्याला नळाचं प्रेशर हवं, आणि तासभर पाणी येणाऱ्या घरात ते दीड तासाचा प्रोग्रॅम लावून बसतं. सेमी ऑटोमॅटिक द्या. बादलीने पाणी ओता, पाहिजे तिथे थांबवा, खळबळलेलं पाणी मोरी धुवायला घ्या.

पंखे आणि मिक्सर कुणीही घेईल. हळू फिरणारा पंखा बहुतेक वेळा कंडेन्सर बदलला की पळतो. मिक्सरला कपलर नाहीतर कार्बन. किरकोळ खर्च आहे, देणाऱ्याने करावा. वायर मात्र नवी घाला. चिकटपट्टी गुंडाळलेली वायर देणारा माणूस मला भेटला तर त्याच्या घरचा फ्यूज मी काढून नेईन.

आणि फ्रिज आडवा नेला असेल तर उभा करून काही तास तसाच ठेवायचा, मग चालू करायचा. हे सांगायला घरचं माणूस बरोबर जावं. टेंपोवाला सांगत नाही.

टेंपोनाना

सांगतो हो काका. ऐकतंय कोण? मी पाठ फिरवायच्या आत बर्फाचा ट्रे भरलेला असतो.

वऱ्हाडी_ठेचा

पुण्यात बसून फ्रिज फ्रिज काय करता बाप्पा. नागपुरात मे महिन्यात या, फ्रिज कोणी विचारणार नाही, कूलर मागतील. पत्र्याच्या खोलीत दुपारी माणूस भाजून निघते. आमच्या मोहल्ल्यात एप्रिलमध्ये पाच-सहा जण मिळून जुने कूलर गोळा करतो, नवीन वाळा लावतो, पंप पाहतो, आणि रामनवमी झाली की वाटतो. बस.

निवृत्त_वायरमन

ठेचा, लोखंडी बॉडीचा कूलर असेल तर अर्थिंग तपासल्याशिवाय देऊ नका. तीन पिनांचा प्लग, आणि घरच्या सॉकेटात खरोखर अर्थिंग आहे का ते टेस्टरने बघा. दर उन्हाळ्यात विदर्भातून कूलरच्या शॉकच्या बातम्या येतात, त्या बहुतेक पाणी भरताना हात लागल्याच्या असतात.

वऱ्हाडी_ठेचा

बरोबर आहे काका. आम्ही एक इलेक्ट्रिशियन पोट्टा धरून ठेवला आहे, त्याला सावजी खाऊ घालतो.

मीठभाकर

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. माझी आई एकोणीस वर्षं कोथरूडमध्ये धुणीभांडी करत होती. ‘दिलेलं सामान’ या विषयात मी पीएचडी करू शकेन.

आमची खोली दहा बाय बारा. त्यात एके काळी दोन घरांचे दोन टीपॉय, सोफ्याची एक खुर्ची (जोडीतली दुसरी त्या बाईंनी बहिणीला दिली), आणि काचा नसलेली शोकेस होती, तिच्यात आम्ही डाळीचे डबे ठेवायचो. मी सातवीत असताना एका घरून मोठं लाकडी कपाट आलं. दारातून आत जाईना. बाबा आणि चाळीतल्या दोघांनी दार बिजागरीतून काढून पाहिलं, तरी जाईना. परत न्या म्हणायची सोय नव्हती. त्या बाई दर आठवड्याला विचारायच्या, “काय गं, कपाट बसलं ना छान?” आई म्हणायची, “हो वहिनी, एकदम.” कपाट पावसाळाभर गल्लीत प्लास्टिकखाली उभं होतं. येणारा-जाणारा शिव्या द्यायचा, कारण सायकल निघत नव्हती. दिवाळीच्या तोंडावर ते फुगलेलं कपाट न्यायला भंगारवाल्याने उलट आमच्याकडेच पैसे मागितले. दिले.

त्याच बिल्डिंगमधल्या एका आजोबांनी मला अभ्यासाला टेबल दिलं. देण्याआधी ते आमच्या घरी आले होते. खिशात टेप. खिडकीखालची जागा मोजली, चहा घेतला, गेले. पंधरा दिवसांनी टेबल आलं ते मागच्या बाजूने सहा इंच कापलेलं, कापलेल्या कडेला नवी पट्टी मारून पॉलिश केलेलं. त्यावर माझी बारावी झाली. आता भावाचा मुलगा त्यावर गृहपाठ करतो, म्हणजे करत नाही, पण बसतो.

अडकित्ताताई, तुमच्या यादीत वस्तू आहेत. मापं नाहीत.

खवचट_खविस

माझे शब्द मागे घेत नाही, पण आज गप्प बसतो.

अडकित्ता (रविवार, सकाळी ७:२०)

मीठभाकर, रात्री प्रतिसाद वाचला, सकाळी टेप घेऊन फिरतेय. नऊपैकी सात सोफे सहा फुटांच्या वर आहेत. हे मला काल का सुचलं नाही, माहीत नाही.

हिशोबनीस

माझं मत आवडणार नाही, तरी लिहितो. फुकट देऊ नका. वीस, पन्नास, शंभर, काहीतरी किंमत लावा.

आमच्या आधीच्या सोसायटीत ‘घेऊन जा’ असं सगळं मांडलं होतं. पहिल्या अर्ध्या तासात तिघे जण टेंपो घेऊन आले आणि चांगलं ते सगळं उचलून गेले. दहाला कामवाल्या बायका आल्या तेव्हा उरल्या होत्या मोडक्या खुर्च्या. पुढच्या रविवारी मी जुन्या बाजारात गेलो तर आमचाच मिक्सर विकायला! आमचाच कशावरून? भांड्यावर बायकोचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. मी तो परत विकत घेतला. घरी काय सांगायचं हा वेगळा प्रश्न.

चहाटळ

लग्नाची तारीख कोरलेलं भांडं दान करणारा तू, आणि विचारतोस घरी काय सांगायचं.

मीठभाकर

हिशोबनीस, मग बिघडलं काय? जुन्या बाजारात रविवारी मिक्सर घेणारा काय बंगल्यात राहतो? त्याला परवडला म्हणून त्याने घेतला असता. तुम्ही मध्ये पडलात म्हणून त्याचा मिक्सर गेला.

माझं म्हणणं इतकंच की विकणाऱ्याचं पोटही त्यावरच आहे. त्याला चोर ठरवून आपण दानशूर व्हायचं, हे मला पटत नाही. आणि किंमत लावायची तर ज्याच्याकडे शंभर नाहीत त्याने काय करायचं हेही सांगा.

टेंपोनाना

मीठभाकरताईंशी सहमत. बोहारणी जुन्या साड्यांवर भांडी देत दारोदार फिरायच्या, त्यांना कुणी पर्यावरणाचा पुरस्कार दिला नाही. ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट बघा, मुंबईभरचं जुनं लाकूड तिथे येतं, पॉलिश होऊन परत मुंबईतच जातं. हे सगळं संस्था-बिंस्था यायच्या आधीपासून चाललंय.

हिशोबनीस

ठीक आहे, पण मग भंगारवाल्यालाच द्या की सगळं. धागा कशाला काढला?

कृष्णाकाठ

सांगलीकर आहे. २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या घरात माळ्यापर्यंत. पाणी उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुगलेल्या गाद्या, प्लायची कपाटं, फ्रिज, चिखलाने भरलेली वॉशिंग मशीन यांच्या भिंतीच उभ्या राहिल्या होत्या.

आणि मग मदत आली. लोकांनी मनापासून दिलं हे आधी सांगतो, नाहीतर कृतघ्न म्हणाल. पण कपड्यांचे ढीगच्या ढीग पडून राहिले. त्यात काय नव्हतं? नऊवारी, शेरवानी, एका पायाचा मोजा. आम्हाला पाहिजे होतं काय, तर शेगडी, कुकर, अंथरूण, बादल्या, खराटे. पहिले पंधरा दिवस घर म्हणजे चिखल काढायची जागा. कपाट कुठं ठेवणार? भिंती ओल्या होत्या, मार्च उजाडला वाळायला. चांगलं फर्निचर पहिल्याच महिन्यात ज्यांच्या घरी आलं, त्यांचं तळातून कुजलं.

एका गावाहून आलेल्या मंडळींनी वेगळं केलं. ते रिकाम्या हाताने आले, घरोघर विचारून वहीत लिहून घेतलं, आणि गणपती झाल्यावर पुन्हा आले. आमच्या शेजारणीने वहीत ‘पाटा-वरवंटा’ लिहिलं होतं. तो आला.

म्हणून सांगतो, काय द्यायचं याच्याइतकंच कधी द्यायचं ते बघा.

खाडीवरचा

चिपळूण, २२ जुलै २०२१. कृष्णाकाठ यांच्या प्रत्येक ओळीला अनुमोदन. आमच्याकडे फ्रिज तरंगत जिन्यात येऊन अडकला होता, माणसं वर अडकली. शेगडी देताना एक लक्षात ठेवा : रबरी नळी जुनी देऊ नका. तिच्यावर मुदत छापलेली असते.

पळसपान

अवांतर : आजोबांच्या तेराव्याला शय्यादान केलं होतं. पलंग, गादी, उशी, चादर, छत्री, तांब्या. गुरुजी स्कूटरवर आले होते. पलंगाकडे बघून म्हणाले, “हे मी कुठे नेऊ? किंमत द्या, मी घेतलं समजा.” पलंग अजून आमच्याकडेच आहे, पाहुणे आले की त्यावर झोपतात. कोणाचा आहे ते सांगत नाही.

विषयावर : शेवटच्या वर्षी आजोबांना वरखाली होणारी कॉट, वॉटरबेड, कमोड खुर्ची लागली. गावोगावी रुग्णोपयोगी साहित्य देणारी केंद्रं असतात ना, तिथून आणली. अनामत भरायची, नाममात्र भाडं, काम झालं की परत. त्या कॉटवर आमच्या आधी किती जण झोपले असतील आणि नंतर किती, देव जाणे. फर्निचरचं असं का होत नाही? पुण्यात दरवर्षी हजारो पोरं शिकायला येतात, टेबल-खुर्ची-गादी घेतात आणि जाताना गच्चीवर टाकून जातात. अनामत ठेवून द्या, परत घ्या.

हिशोबनीस

गोडाऊन कोण देणार? पुण्यात माणसाला जागा नाही, टेबलांना कुठून आणायची? कॉटचं जमतं कारण ती एका जागी फार दिवस थांबत नाही.

लीड्सकर

आमच्याकडे इंग्लंडमध्ये ही गोष्ट बरीच रुळलेली आहे. काउन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं, घर मिळालं की बहुतेक वेळा उघडंवाघडं मिळतं. शेगडी नाही, पडदे नाहीत, जमिनीवर गालिचासुद्धा नाही, आणि थंडी आपली. त्यामुळे जुनं फर्निचर गोळा करून अशा घरांना पोचवणाऱ्या संस्था गावोगावी आहेत. त्यांची गाडी येते, त्यांची माणसं उतरवतात, वर्कशॉपात दुरुस्ती होते. पण नियम कडक. सोफ्याखाली आगीच्या सुरक्षेचं लेबल शिवलेलं नसेल तर चॅरिटीचं दुकान हातही लावत नाही, १९८८चा कायदा आहे तसा. आमचा उत्तम सोफा केवळ आईने ‘टोचतं’ म्हणून लेबल कापल्यामुळे नाकारला गेला. विजेची वस्तू तपासल्याशिवाय पुढे जात नाही, वायरमनकाका तिथे असते तर खूश झाले असते.

तोक्योतली_तुळस

जपानात टीव्ही, फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन टाकायचे तर आपणच पैसे भरायचे, २००१पासून कायदा आहे. पोस्टात जाऊन पावती घ्यायची आणि चिकटवायची. कपाट टाकायचं तर महापालिकेला फोन करून तारीख घ्यायची, स्टिकर विकत घ्यायचं. त्यामुळे मायदेशी परतणारं प्रत्येक मराठी कुटुंब ‘सायोनारा सेल’ लावतं आणि आपण दुसऱ्यावर उपकार करतोय असा चेहरा ठेवतं. आमच्या घरातला भात शिजवायचा कुकर पाचव्या कुटुंबाकडून आलाय. आतल्या भांड्यावर चार प्रकारच्या उलथन्यांचे ओरखडे आहेत.

चहाटळ

वा. म्हणजे पैसे भरायला लागले की आपल्यालाही दान सुचतं.

गादीवाला_गण्या

ढेकणांबद्दल कोणीच बोललं नाही? लाकडी बेडच्या सांध्यात, सोफ्याच्या शिवणीत बसतात. एका घरातून दिलात की अख्ख्या चाळीत. रात्री टॉर्च मारून बघा, काळे ठिपके दिसले की तो बेड कुणाला देऊ नका. कापसाची गादी असेल तर टाकू नका, कापूस पिंजून नव्या खोळीत भरता येतो. फोमची खाली बसलेली गादी म्हणजे मात्र निव्वळ कचरा. त्यापेक्षा माणूस पुलाखाली पडला तरी बरी झोप लागेल.

अडकित्ता (तीन आठवड्यांनी, सोमवार)

धागा वर काढतेय. काय झालं ते सांगायला हवं, कारण निम्मं श्रेय इथल्या लोकांचं आहे.

वही फाडून टाकली, नवी केली. प्रत्येक वस्तूपुढे लांबी-रुंदी-उंची, चालते की नाही, कितव्या मजल्यावर. विजेच्या वस्तूंसाठी एका मेकॅनिकला दोन दिवस बसवला. मग आमच्या बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या सोळाजणी, वॉचमन आणि इस्त्रीवाले दादा यांच्याशी बोललो. त्यांच्या भिशीतून पुढे निरोप गेला. किंमत नाही, गर्दी नाही. दहा-दहा मिनिटांच्या वेळा दिल्या. या, बघा, मोजा, नको असेल तर नको म्हणा. ‘नको’ म्हणण्याची पाटी मी मोठ्या अक्षरांत लावली. तरी पहिल्या चारजणी प्रत्येक गोष्टीला “चालंल की” म्हणत होत्या. मग आमच्या सुनंदामावशींना दाराशी बसवलं आणि मी आत गेले. मी समोरून हलल्यावर ‘नको’ म्हणायला सुरुवात झाली.

पंखे चाळीस मिनिटांत संपले. लोखंडी कपाटं सहाच्या सहा गेली. मला वाटलं होतं, जड आहेत, कोण नेणार. एकीने किल्ली दोनदा फिरवून पाहिली, म्हणाली, “कुलूप लागतंय ना? बास.” तिने आतले कप्पेसुद्धा बघितले नाहीत.

दिवाण चार गेले, खाली सामान ठेवता येतं म्हणून. अकरा डबलबेडांपैकी दोन. उरलेले एका सुताराने प्लायसाठी नेले, त्यातून तो जवळच्या अंगणवाडीला बुटकी बाकं करून देतोय. (हे त्याने स्वतः सुचवलं. आम्ही फक्त हो म्हणालो.) सोफा एकच, तो वॉचमनच्या केबिनमध्ये गेला. दोघे मावत नाहीत, वॉचमन बाहेर बसतो.

आठ फ्रिज मीटरवर लावले. तीन पास. पाच आणि पोटवाले टीव्ही ई-कचऱ्यात. चेअरमनकाका खवळले, “चालू फ्रिज टाकताय!” त्यांचाच २००१चा होता, दिवसाला दोन युनिटं. त्यांना त्यांचंच बिल दाखवलं.

सेमी ऑटोमॅटिक दोन होत्या, लगेच गेल्या. तीन फ्रंट लोड ऑनलाइन विकल्या आणि त्या पैशांतून टेंपो, हमाली, कंडेन्सर, वायरी, दोन फ्रिजची रबरं झाली. वर सातशे उरले, त्याचे वडे आले. हिशोबनीस, तुमचं इतकंच ऐकलं.

एक बाई तासभर सगळं बघत होत्या. हात लावून, वाकून, दारं उघडून. शेवटी दोन प्लास्टिकची स्टुलं घेऊन गेल्या. काका म्हणाले, “एवढंच?” त्या म्हणाल्या, “एवढीच जागा आहे.”

शोकेस पाच. शून्य गेल्या.

निवृत्त_वायरमन

कंडेन्सर किती मायक्रोफॅरडचे घातले?

अडकित्ता

अडीचचे. मेकॅनिकलाही हाच प्रश्न विचारायचा हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. पहिले चार त्याने चुकीचे घातले होते.

मीठभाकर

सुनंदामावशींना दाराशी बसवलंत हे उत्तम केलंत. त्यांना त्या दिवसाचा पगार दिलात ना?

अडकित्ता

त्या दिवशी नाही दिला. तुमचा प्रश्न वाचून आत्ता देऊन आले. घेताना हसल्या.

चहाटळ

शोकेसचं काय ठरलं? मेहुणा विचारतोय.

अडकित्ता

पाचही घेऊन जा म्हणावं. गाडी त्याची.

सुईदोरा

नमस्कार. आजच सदस्यत्व घेतलं, पहिलाच प्रतिसाद. धायरीला राहते, ब्लाउज आणि फॉलची कामं करते. पहिल्या पोस्टमध्ये पायाच्या शिलाई मशीनचा उल्लेख आहे. शेवटच्या पोस्टमध्ये ती नाही. अजून आहे का?

अडकित्ता

आहे. पट्टा सैल झालाय, बाकी चालते. आई द्यायला तयार नव्हती. आत्ता तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तर म्हणतेय, आधी तिला येऊन चालवून दाखवू दे.

सुईदोरा

रविवारी अकराला येऊ? पट्टा मी आणते. दोरा पण आणते. काळा चालेल का?

अडकित्ता

या. आई म्हणतेय पांढरा आणा आणि कापड गडद आणा. पांढऱ्यावर पांढरा, काळ्यावर काळा टाका तिला आता दिसत नाही.